पाठमोरी इल्वा

वोमहुस, १४ ऑक्टोबर

प्रिय तूवे,

सोबतचं पुडकं उघडण्याआधी खिडकी बंद कर, वारा नको. आत इल्वाची वेणी आहे. पोटच्या पोरीची वेणी टपालाने पाठवते म्हणून तू मला वेडी म्हणशील. म्हण. पण ते फोनवर म्हणू नकोस, फोनवर मला काही धड ऐकू येत नाही.

मूरा गावातल्या दुकानात एका मासिकात तुझे ब्रोच पाहिले. आपल्या बायकांनी किती पिढ्या केसांचे घड्याळाचे पट्टे विणले, अंगठ्या विणल्या, कानातली विणली. पाठीला गाठोडं बांधून परमुलखात पायी हिंडल्या. आणि आमची ही पोरगी केसांनी काय काढते, तर बाथटबबाहेर आलेलं पाऊल आणि खुर्चीवर फेकलेला स्वेटर. मला इतकं हसू आलं की दुकानातली बाई बघायला लागली. मग लाजेकाजेने मासिक विकत घ्यावं लागलं.

घरी येऊन पुन्हा पाहिलं आणि मग हसले नाही. तो स्वेटर टाकून कुणीतरी आत्ताच खोलीबाहेर गेलंय असं वाटत होतं.

मला तसाच एक ब्रोच करून दे. इल्वा आमच्या स्वयंपाकघरात भांडी घासते आहे, असं. आणि चेहरा हवा. तिचा चेहरा मला आता आठवत नाही, तूवे. फोटोतला आठवतो, पण फोटोत ती पाद्रीबुवांनी दटावल्यासारखी उभी आहे, घरात ती तशी कधीच दिसली नाही. ती गेली त्या वर्षी एप्रिलमध्ये गोठलेल्या तलावावरून चालत पलीकडे नाचाला निघाली आणि बर्फ फुटला. सगळा बर्फ वितळल्यावर सापडली. तुझ्या बाबाने मला शवपेटी उघडू दिली नाही. त्याचं बरोबरच असेल. पण तेव्हापासून तिचा चेहरा आठवायला गेले की पेटीचं झाकणच समोर येतं.

वेणी तिने स्वतः कापून दिली होती, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात. "घे आई, याचं काहीतरी विकण्याजोगं कर," म्हणाली. मी सोड्यात उकळून, ताणून, वाळवून ठेवली. पुढे हात लावायचा धीर झाला नाही.

नियम तुला ठाऊक आहे, पण म्हाताऱ्यांनी सांगायचं असतं म्हणून सांगते. एका दागिन्यात एकच डोकं. आपल्या गावच्या बाईला चोर म्हटलेलं चालेल, केस मिसळणारी म्हटलेलं चालत नाही.

तुझी आत्या,
येर्डा


गोथेनबर्ग, २ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

वेणी पोचली. दोन दिवस कपाटावर ठेवली होती, आज उघडली. इतकी वर्षं झाली तरी रंग तोच आहे, गव्हाच्या काडासारखा. माझ्या केसांशेजारी धरून पाहिली तर फरकच कळेना. बाबा म्हणायचे ते खरंच होतं, आपल्या घरात सगळ्यांना एकच डोकं मिळालंय.

माझी पद्धत सांगते. मी विणत नाही. पांढऱ्या पातळ चकतीवर चिमट्याने एकेक केस चिकटवते, एक केस म्हणजे एक रेघ. वर काच. आजवर फक्त स्वतःचे केस वापरले, तेही कंगव्यात आलेले. दुसऱ्या कुणाच्या केसाला हात लावायची ही पहिली वेळ.

इल्वाताई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला ती आठवते ती पाठमोरीच. मी तुमच्या टेबलाशी दूध पीत बसलेली आणि ती नळाशी. मधेच न वळता मागे फेस उडवायची, तो बरोबर माझ्या नाकावर यायचा. बाकीचं तू सांग. कपडे काय असायचे? कुठल्या हाताने घासायची? उभी कशी राहायची?

यंदाही नाताळला येणं जमेलसं दिसत नाही. काम खूप आहे.

तूवे


वोमहुस, ९ नोव्हेंबर

प्रिय तूवे,

काम खूप असतं हे तू बाबाच्या अंत्यविधीनंतरही म्हणाली होतीस. त्यालाही आता चार नाताळ झाले. असो. मी बोलणार नव्हते, हाताने लिहिलं गेलं.

डाव्या हाताने घासायची. उजव्या पायावर उभी, डाव्या पायाने पोटरी खाजवत. लोकरीचे मोजे, एकाचा अंगठा कायम बाहेर. शिवून दिला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर, जणू त्याला हवा लागायची. अंगात माझा निळा ॲप्रन, पाठीमागे गाठ, आणि ती गाठ नेहमी एका बाजूला. केस कापल्यावर मान उघडी पडली होती. ती मान पाहून मला वाटायचं, हिला थंडी वाजत असेल.

चेहऱ्याचं काय सांगू? तेच तर तुझ्याकडे मागते आहे. फोटो पाठवते. डोळे त्यातले घे, तोंड घेऊ नकोस, तोंड खोटं आहे.

येर्डा आत्या


गोथेनबर्ग, ८ डिसेंबर

प्रिय आत्या,

ब्रोच सोबत आहे. रागावशील, म्हणून आधीच सांगते. ती पाठमोरी आहे.

चेहरा मी खूपदा करून पाहिला. डोळे आले, नाक आलं, पण ते सगळं मिळून भलत्याच बाईचा चेहरा व्हायचा. एकदा तर इतकी परकी बाई झाली की मी चकती पालथी घातली आणि बाहेर फिरून आले. तुला परक्या बाईला रोज "इल्वा" म्हणायला लावायचं, हे मला जमेना. मग मला जशी आठवते तशी केली. मोज्यातला अंगठा आहे. ॲप्रनची गाठ एका बाजूला आहे. मान उघडी आहे.

माफ कर.

तूवे


वोमहुस, १३ डिसेंबर

तूवे,

आज ल्यूसियाचा सण. सकाळी शाळेच्या मुली डोक्यावर मेणबत्त्या घेऊन गात दारावरून गेल्या, मी त्यांना केशरी पाव दिले, आणि त्यांच्या पाठोपाठ पोस्टमन तुझं पुडकं घेऊन आला. चांगला मुहूर्त साधलास.

मी मुलीचा चेहरा मागितला आणि तू मला ॲप्रनची गाठ दिलीस. पाठ तर तिने मला दाखवलीच होती. दार उघडून गेली तेव्हा शेवटची पाहिली ती पाठच. ती मला कुणी केसांनी काढून द्यायची गरज नव्हती.

काम सुरेख आहे, हे नाही म्हणवत. अंगठा पाहून मी खाली बसले. पण तूवे, तिने माझ्याकडे बघायला हवं होतं.

नळाच्या वरच्या फळीवर ठेवलाय. परत पाठवणार नाही, एवढं समज.

येर्डा


वोमहुस, ११ जानेवारी

प्रिय तूवे,

ती वळली.

माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे, आणि भिंगाने पाहिलंय. मानेची रेघ आधी सरळ खाली येत होती, आता उजवीकडे कलली आहे. आपण हाक मारल्यावर माणूस हात न थांबवता जरा मान वळवतं ना, तेवढीच. गालाची कड दिसायला लागलीय असं वाटतं. काल बाहेर हिमवादळ होतं, म्हणून चादरी आत वाळत घातल्या होत्या. संध्याकाळी चादरी काढल्या आणि फळीकडे लक्ष गेलं.

मी "इल्वा" म्हटलं.

आत्या


गोथेनबर्ग, १७ जानेवारी

प्रिय आत्या,

यात भिण्यासारखं काही नाही, आनंद मानण्यासारखंही नाही. केस हवेतली ओल पितो. ओल आली की लांबतो, कोरडं पडलं की आखडतो. ओल्या चादरींनी खोली दमट झाली, रेघ सैल पडली, इतकंच. तू तर हे माझ्याआधी शिकली आहेस.

ब्रोच परत पाठव. नीट बसवून देते, मग हलणार नाही.

तू बरी आहेस ना? मी इथे जरा चमत्कारिक झाले आहे. भांडी घासताना सारखं वाटतं, मागे टेबलाशी कुणीतरी बसलंय. वळून बघते तर कुणी नाही. एकटं राहण्याचे परिणाम, दुसरं काय.

तूवे


वोमहुस, ६ फेब्रुवारी

प्रिय तूवे,

परत पाठवणार नाही. ओलीने वळते, तर ओल देते. त्यात चूक काय? रोप पाण्याने वाढतं म्हणून कुणी त्याला खोटं म्हणतं का?

मोठी किटली दिवसभर चुलीवर असते, शेजारी कपडे उकळायचं पातेलं. चादरी मी गरज नसताना धुते. सकाळी ती सरळ असते, दुपारनंतर हळूहळू मान वळवायला लागते. अजून केसभर वळली की डोळा दिसेल. मी समोर खुर्ची घेऊन बसते आणि म्हणते, वळ गं, एकदा वळ. आणि बोलते. इतक्या वर्षांत जे बोलले नाही ते सगळं बोलते. परवा रागावलेसुद्धा. म्हटलं, तलाव कुरकुरतोय असं तुला शेजारच्या हाल्वारने सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, तरी तू गेलीस, नाचासाठी गेलीस, पोरी. तिच्यावर मी कधी रागावलेच नव्हते. मेलेल्या माणसावर रागवायची आपल्याकडे पद्धत नाही. रागावले आणि मग इतकं हलकं वाटलं की दोन कप कॉफी प्याले.

हाल्वार येऊन गेला. म्हणाला, "येर्डा, तुझ्या खिडक्यांना आतून बोटभर बर्फ धरलाय. भिंतीचा कागद सुटलाय. इथे काय हमामखाना काढलायस?" मी म्हटलं, कपडे धुते आहे. तो म्हणाला, "कुणाचे?" शहाणा आहे मेला.

जरा खोकला झालाय. सगळ्यांनाच आहे.

आत्या


गोथेनबर्ग, १२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

हाल्वारकाकांचा फोन आला होता. म्हणाले, तू दार पूर्ण उघडत नाहीस, वाफ जाईल म्हणून. श्वास घेताना तुझ्या छातीत घरघर होते. उशीला बुरशी आली आहे.

मी हात जोडते, किटली उतरव. डॉक्टरांना दाखव. ते एक चित्र आहे, माझ्या हातचं. गाल त्यात नाहीच, मी काढलेला नाही. कितीही वळली तरी पुढे काही नाही, पांढरी चकती आहे फक्त.

रागाव माझ्यावर, पण किटली उतरव.

तूवे


वोमहुस, १५ फेब्रुवारी

तूवे,

तू काढला नाहीस हे मला माहीत आहे. तू काढशील म्हणून मी बसलेली नाही.

येर्डा


मूरा, रुग्णालय, १० मार्च

प्रिय तूवे,

हाल्वारने दार तोडलं. बिजागरीसकट. बरी होऊन ये, मग लावून देईन म्हणतो. न्यूमोनिया होता. आता उठून बसते, आणि इथली कॉफी पिते. तिला कॉफी म्हणणं हे पाप आहे.

इथे हवा कोरडी आहे. ब्रोच हाल्वारने आणून दिला, उशाशी आहे. मान अगदी सरळ. दिवसभर बघायला दुसरं काही नसल्याने मी कारागिरासारखी बघायला लागले, आईसारखी बघायचं सोडून. आणि एक गोष्ट लक्षात आली, जी पहिल्याच दिवशी यायला हवी होती.

या सगळ्या काळात फक्त मान हलली. हात नाही, गाठ नाही, पाऊल नाही. आणि हलायला नकोच होतं काहीही. ती वेणी मी स्वतः उकळली आहे, साच्यावर ताणून भट्टीत वाळवली आहे. उकळलेला केस वळत नाही. आपल्या घरात हे पोरींना चालायच्या आधी शिकवतात. कच्चा केस वळतो, जिवंत डोक्यावरून नुकताच आलेला.

मग ती मान कुणाची आहे, तूवे?

येर्डा आत्या


गोथेनबर्ग, १४ मार्च

प्रिय आत्या,

माझी.

इल्वाताईचे केस जुने होते, उकळलेले होते. सरळ रेघेला चालले, पण मानेची वळणदार रेघ टाकताना तुटायचे. प्रत्येक वेळी तिथेच, नेमके मानेवर तुटायचे. मला ते सहन होईना. शेवटी मी माझ्याच डोक्याचा एक केस उपटला आणि तो लावला. रंग सारखाच, कुणाला कळणार नव्हतं. एका दागिन्यात एकच डोकं, हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, तरी मी केलं. जानेवारीत तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं काय झालं ते, पण सांगायला जीभ रेटली नाही. तू इतकी सुखात होतीस. आणि मग तू आजारी पडलीस तेव्हा सांगण्याची भीती वाटली. तुझा जीव गेला असता, आत्या, माझ्या एका केसापायी.

आणखी एक सांगते, त्याचं काय करायचं ते तू ठरव. मागे टेबलाशी कुणीतरी बसलंय असं मला वाटायचं, लिहिलं होतं ना? ते दुपारनंतर वाटायचं. रोज. हात फेसात असताना मी वळून बघायची. फेब्रुवारीत एकदा तर इतकी झटकन वळले की हातातली बशी फुटली. तू दवाखान्यात गेलीस त्या दिवसापासून ते थांबलंय.

ब्रोच दे. तिच्या वेणीतले थोडे केस उरलेत, ते वाफेवर मऊ करून मानेची रेघ मी पुन्हा लावते, कितीही वेळा तुटले तरी. मग तो पूर्ण तिचा होईल. न्यायला मी स्वतः येते.

तूवे


वोमहुस, ४ एप्रिल

प्रिय तूवे,

घरी आले. दार लागलं आहे, वाकडं. हाल्वार म्हणतो घर वाकडं आहे.

तुझं पत्र वाचून आधी तुला केस मिसळणारी म्हटलं, मोठ्याने, वॉर्डात. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं वाटलं. मी माझ्या मुलीशी बोलायचं ते सगळं तुझ्या मानेशी बोलले. जे रागावले ते तुझ्यावर. जी माफी मागितली ती तुझी. आठवडाभर म्हणत होते, तुला लिहायचंच नाही.

मग घरी येऊन ब्रोच फळीवर ठेवला आणि खुर्ची घेऊन बसले. किटली नाही लावली. नुसती बसले. इल्वा भांडी घासत होती. डावा हात, अंगठा बाहेर, गाठ एका बाजूला. तिचं जेवढं आहे ते कधी हललंच नाही. मी खोली वाफेने भरली, माझी छाती भरली, आणि तिचा एक केससुद्धा माझ्याकडे वळला नाही. ती तिच्या कामात आहे. तिला मी दिसत नाही, आणि ती माझ्यावर रुसलेलीही नाही. हे कळायला इतकी वर्षं गेली, आणि कळल्यावर मी रडले, खूप रडले. खरं सांगायचं तर ती गेली तेव्हा असं रडणं आलं नव्हतं.

चेहरा नाही आठवला. आता आठवणार नाही. पण झाकणही दिसत नाही, पाठ दिसते.

मान बदलू नकोस. तिची लावलीस तर ब्रोच पूर्ण तिचा होईल हे खरं, आणि नियम तोच आहे, आणि मी तो आयुष्यभर पाळला. पण मी त्या खुर्चीत बसून वळ, वळ म्हणत होते, आणि तिकडे गोथेनबर्गला तू हातातली बशी टाकून वळत होतीस. तिला ऐकू गेलं नाही. कुणाला तरी गेलं. ते मी कसं काढून टाकू?

ब्रोच न्यायला येऊ नकोस. यायचं असेल तर जेवायला ये.

काल दिवा मालवताना नेहमीसारखी फळीसमोर उभी राहिले आणि तिला "नीज बाळ" म्हटलं. मग जरा थांबले, आणि तुझंही नाव घेतलं.

येर्डा आत्या